सरांचं पहिलं प्रदर्शन

आमच्या गाळ्यात एक नियम आहे. ज्याचं प्रदर्शन असेल त्याने स्वतःची चित्रं लावायची नाहीत. चित्रं आणून द्यायची, घरी जायचं, आणि उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यासारखं यायचं. काय लावायचं, काय वगळायचं, कुठल्या भिंतीवर, किती उंचीवर, हे सगळं बाकीच्यांनी ठरवायचं. मधल्या काळात फोन नाही, त्यानेही करायचा नाही आणि आम्हीही. ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटतं, पण आम्ही ते अनुभवातून शिकलोय. पहिल्या वर्षी प्रज्योतने आपलं प्रदर्शन आपणच लावायला घेतलं होतं. तीन दिवस तो एकच शिल्प अर्धा इंच डावीकडे, अर्धा इंच उजवीकडे करत बसला आणि चौथ्या दिवशी म्हणाला, "आपण हे रद्द करू या." तेव्हा आम्ही पाच जण होतो. चौघांनी मिळून त्याला बाहेर काढलं, शटर ओढलं आणि दोन तासांत प्रदर्शन लावून मोकळे झालो.

गाळा साकीनाक्याला आहे. खाली पुठ्ठ्याची खोकी बनवणारे, मधल्या मजल्यावर स्क्रू-बोल्टवाले, आणि सगळ्यात वर, पत्र्याखाली, आम्ही. लिफ्ट मालासाठी आहे, माणसांनी जिना चढायचा. पाचांतली एक कॅनडाला गेली, एकाने ॲनिमेशनची नोकरी धरली, एकाचं लग्न झालं आणि तो अंबरनाथच्या बाजूला कुठेतरी नाहीसा झाला. उरलो मी आणि प्रज्योत. अर्ज भरताना आम्ही याला 'कलाकारांनी कलाकारांसाठी चालवलेला उपक्रम' असं म्हणतो. अर्ज नसतो तेव्हा नुसतं गाळा म्हणतो.

प्रज्योत खारदांड्याच्या कोळीवाड्यातला. आई अजून मासळी विकते. हा जुनी जाळी आणि गंजलेलं लोखंड घेऊन मोठाली शिल्पं करतो आणि पोटासाठी जाहिरातींचे सेट उभे करतो. मी गंधाली, छापचित्रं करते आणि पोटासाठी मुलुंडला एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे क्लास घेते. म्हणजे दर शनिवार-रविवारी मुलांना सांगते की उजेड डावीकडून येत असेल तर फुलदाणीची सावली डावीकडे पडणार नाही. हे मला ज्यांनी सांगितलं ते नंदकिशोर सर, आमच्या मुलुंडच्या शाळेतले चित्रकलेचे शिक्षक. मी दहावी झाल्यावर ते आमच्या घरी आले, माझ्या बाबांसमोर दीड तास बसले, आणि चहाचे तीन कप संपल्यावर बाबांनी मला आर्ट स्कूलला पाठवायचं कबूल केलं. मी जी काही आहे ती त्या दीड तासामुळे आहे.

सर निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. आमच्या प्रत्येक उद्घाटनाला ते सुहासिनीकाकूंना घेऊन येतात, मुलुंडहून, इस्त्रीचा फुलशर्ट घालून, पाचला पाच मिनिटं कमी असताना. प्रत्येक कामासमोर दोन मिनिटं उभे राहतात. भिंतीवर लावलेलं कामाविषयीचं निवेदन पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. पृथ्वीतलावर ते वाचणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. एकदा प्रज्योतच्या होडीच्या नांगराच्या शिल्पाकडे बघून त्यांनी विचारलं, "हा गंज आधीचा की नंतर आणलेला?" हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून प्रज्योत आठ महिने वाट बघत होता. तो अर्धा तास बोलत होता आणि सर मान हलवत ऐकत होते.

तर हे सर मार्चमधल्या एका उद्घाटनानंतर मागे थांबले. लोक गेले होते. स्वतःची खुर्ची जागेवर ठेवून ते माझ्याकडे आले.

"गंधाली, एक विचारायचं होतं. माझी काही आहेत. जलरंगातली. तुमच्याकडे चालतील का?"

"सर, विचारताय काय? छानच होईल."

"छान आहेत का ते मला ठाऊक नाही," सर म्हणाले. "तेच बघायचंय. घरात आपण चित्र मांडीवर घेऊन बघतो. भिंतीवर लागलं, चार जाणती माणसं समोर उभी राहिली, की कळतं काय आहे ते. चाळीस वर्षं काढतोय. सत्तर पूर्ण झाली. एकदा कळू दे."

आता मला जे सांगायचंय ते सांगायला जड जातंय. सरांची चित्रं मला माहीत होती. होड्या, नारळ, देवळाचा कळस, संध्याकाळ. त्यांच्या घरी गेलं की ते दोन-चार दाखवायचे आणि मी म्हणायचे, "छान आहे, सर." काकूंच्या उपम्याला म्हणायचे त्याच आवाजात. आणि आता ती चित्रं आमच्या भिंतीवर लागणार, आमचे लोक येणार, सौजन्याने हसणार, समोसा खाणार आणि जाणार, हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर आलं.

प्रज्योतला सांगितलं तर तो म्हणाला, "सरांचं काम गोड आहे गं. तोच तर वांधा आहे."

"मग नाही सांगू?"

"येडी आहेस काय? सरांना कोण नाही बोलेल? मे महिना देऊ त्यांना."

मे महिन्यात आमचा पत्रा असा तापतो की आत दहा मिनिटं उभं राहवत नाही. चित्रं बघणारं पब्लिक गावाला किंवा थंड हवेला गेलेलं असतं. म्हणजे आम्ही प्रेमाने हो म्हटलं आणि तारीख अशी दिली की कुणी बघू नये. तेव्हा हे आम्हाला समंजसपणाचं वाटलं होतं.

बुधवारी सर रिक्षाने आले. जुन्या चादरीत बांधलेलं एक मोठं गाठोडं प्रज्योतने वर आणलं.

"चाळीस वर्षांतली बासष्ट ठेवलीत," सर म्हणाले. "बाकीची फाडून टाकली. सुहासिनीने सगळं बांधून दिलंय. यातून तुम्ही निवडा. दहाच लावलीत तरी चालेल, पण माझी लाज राखायची म्हणून लावू नका."

आणि खरोखर मागे वळूनही न बघता ते जिना उतरून गेले. नियम म्हणजे नियम.

गाठोड्यात तीन पोर्टफोलिओ होते. पहिले दोन उघडले. होड्या, नारळ, गोराईच्या खाडीवरची संध्याकाळ, खारदांड्याची संध्याकाळ, येऊरची संध्याकाळ. उजव्या कोपऱ्यात सही, तारीख. आम्ही एकेक उलटत गेलो. एका चित्राला दोन सेकंदही दिले नसतील. मी प्रज्योतकडे बघायचं टाळत होते.

तिसरा पोर्टफोलिओ तळाशी होता, तपकिरी पुठ्ठ्याचा, परकराच्या नाडीने बांधलेला. प्रज्योतने तो उघडला आणि पहिला कागद हातात धरून तसाच राहिला.

"आईशपथ," तो म्हणाला.

कागदावर होडी नव्हती, नारळ नव्हता, काहीच नव्हतं. वरपासून खालपर्यंत नुसत्या आडव्या पट्ट्या, बोटभर रुंदीच्या. एक मातकट, तिच्याखाली एक राखाडी, तिच्याखाली नाव सांगता येणार नाही असा एक हिरवा. कुठे पट्टी सरळ, कुठे शेवटाला पोचेपर्यंत रंग संपलेला. पण एकीखाली दुसरी कुठली यावी हे इतकं अचूक होतं की मी पुढचा कागद मागायलाही विसरले. असे चौतीस कागद होते. प्रज्योत फरशीवर बसला. मीही बसले.

"हे सरांनी केलंय?" तो म्हणाला.

"सही नाहीये." सर वाण्याच्या यादीवरसुद्धा सही करतात.

"तेच ना. सही नाही, म्हणजे दाखवायला केलेलंच नाही. होड्या दुनियेसाठी, आणि हे स्वतःसाठी. सगळ्यात खाली ठेवलंय बघ. नाडीने बांधून. त्यांना तोंडाने बोलता येत नव्हतं गं, म्हणून आपल्याकडे दिलं. यातून तुम्ही निवडा, बोलले ना?"

कुठल्याही शहाण्या माणसाने इथे फोन उचलला असता. खालच्या खोकीवाल्याने उचलला असता. पण आम्ही दोघं वीस वर्षं हेच करत आलोय, दुसऱ्याच्या कामात त्याला न कळलेलं शोधायचं आणि त्यावर दोन परिच्छेद लिहायचे. शिवाय नियम होता. आणि खरं सांगायचं तर मला फोन करायचाच नव्हता. मला इतका आनंद झाला होता की मी चक्क रडले. माझे सर खरे चित्रकार निघाले, असं माझ्या मनात आलं. तो 'निघाले' शब्द मला आता टोचतो.

दोन दिवस आम्ही राबलो. चौतीस कागद, चारही भिंतींवर, एका ओळीत, फ्रेम न करता. होड्यांचे दोन्ही पोर्टफोलिओ मागच्या खोलीत ठेवून दिले. प्रज्योतने निवेदन लिहिलं: 'चाळीस वर्षांच्या शिस्तीखाली एक मुक्त मन श्वास घेत होतं...' पुढे अजून बरंच होतं. मी त्यातल्या दोन वेलांट्या सुधारल्या आणि वाचताना मला भरून आलं. त्याने फोटो टाकले, आणि संध्याकाळपर्यंत नमिताचा मेसेज आला. नमिता फोर्टातल्या एका मोठ्या गॅलरीची निवड बघते. माहीमच्या अलीकडे तिला आम्ही बारा वर्षांत आणू शकलो नव्हतो. तिने लिहिलं होतं, शनिवारी येते.

शनिवारी पाचला पाच मिनिटं कमी असताना सर आले. नवा शर्ट होता. काकूंनी मोतिया रंगाची साडी नेसली होती. मी पाण्याचे ग्लास घेऊन दारातच उभी होते. सर माझ्याकडे वळून बघतील, त्यांचे डोळे ओले असतील, तेव्हा काय बोलायचं याचं वाक्यसुद्धा मी तयार करून ठेवलं होतं.

सर आत आले आणि थांबले. मग पहिल्या कागदापाशी गेले, नेहमीसारखे दोन मिनिटं उभे राहिले, पुढच्याकडे गेले. काकू एक पाऊल आत आल्या, भिंतीकडे बघितलं, पदर तोंडाला लावला आणि तडक कोपऱ्यातल्या पाण्याच्या जारपाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मला वाटलं, गहिवरल्या.

चौतीस कागद बघून झाल्यावर सरांनी निवेदन वाचलं, सगळं. मग माझ्याकडे आले.

"छान लावलंय," ते म्हणाले.

तो आवाज मला ओळखीचा वाटला, पण कुठला ते कळेना, कारण लोक यायला लागले होते. मे महिना असून चाळीसेक माणसं आली. सरांचे जुने विद्यार्थी आले. "सर, हे कधी दाखवलं नाहीत आम्हाला," म्हणून पाया पडले. एक जण म्हणाला, मी उगाच बँकेत गेलो. सर हात जोडत होते, हसत होते. हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. असा अर्धा तास गेला.

मग नमिता आली. तिने कुणाशी न बोलता दोन फेऱ्या मारल्या आणि सरांपाशी येऊन एका कागदाकडे बोट दाखवलं. "सर, एक विचारू? राखाडीत गेला की हिरवा मरतो. इथे तो मेलेला नाही. कसं केलंत?"

प्रश्न चांगला होता. सरांनी चष्मा चढवला आणि त्या पट्टीवर इतके वाकले की नाक कागदाला लागेल. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मग ते सरळ झाले.

"मलाही कळत नाहीये," ते म्हणाले. "तिलाच विचारावं लागेल. ही माझी नाहीत. आमच्या सुहासिनीची आहेत."

चाळीस माणसं पाण्याच्या जारकडे वळली. काकूंनी पाठ फिरवलेलीच होती. प्रज्योतच्या तोंडात समोसा होता, तो तसाच राहिला.

"अहो, काहीतरीच काय," काकू म्हणाल्या. "हे रंगवून उठतात, ताटलीत रंग तसाच राहतो. चांगला रंग मोरीत सोडायला माझा जीव होत नाही. मग एक पट्टी ओढायची, रोज एक. कागद भरला की महिना संपला. प्रदर्शनाला मी कशाला पाठवीन? यांची चित्रं रिक्षात वाकू नयेत म्हणून खाली काहीतरी कडक हवं होतं, म्हणून ठेवला तो पुठ्ठा."

"रोज एक," नमिता हळूच म्हणाली. "किती वर्षं?"

"हे रिटायर झाले तेव्हापासून."

"मग बाकीचे कुठेत?"

"आहेत की. फडताळात डब्यांखाली घातलेत."

नमिताने जवळच्या टेबलाचा आधार घेतला. मग सगळेच हसले, काकूही हसल्या, आणि माणसं त्यांच्याभोवती गोळा झाली. मी सरांना शोधलं. ते नव्हते.

ते जिन्यात सापडले, मधल्या वळणावर, पायरीवर बसलेले, चष्मा हातात. मी एक पायरी खाली बसले.

"सर, चुकलं माझं."

"प्रदर्शन चांगलं झालंय. मी खोटं बोलत नाही." त्यांनी चष्म्याची काडी उघडली, मिटली. मग म्हणाले, "गंधाली, तू सहा वर्षं माझ्या वर्गात होतीस. नंतर पंचवीस वर्षं माझी चित्रं बघतेयस. माझा हात तुला ओळखता आला नाही?"

आवाजात राग नव्हता. उजेड कुठल्या बाजूने येतोय, असं विचारावं तसं त्यांनी विचारलं होतं. खोटं बोलायला मला जागाच नव्हती.

"मी बघितलीच नव्हती, सर. नुसतं छान म्हणायचे."

"ते माहीत होतं मला. जो बघतो त्याला बोलायला जरा वेळ लागतो. तू लगेच बोलायचीस."

इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"तुलाच कशाला बोलू," सर म्हणाले. "दारात आलो तेव्हा वाटलं, दुसऱ्या कुणाचं तरी लावलंय, माझी तारीख मी चुकीची ऐकली. आणि वाटलं, काय सुंदर आहे. तिसऱ्या कागदावर माझा हिरवा ओळखला. त्या ट्यूबचं तोंड फुटलंय, त्यात थोडा काळा गेलाय. मग तिच्याकडे बघितलं. बारा वर्षं माझ्या मागे ती हे करत होती आणि मी रोज विचारायचो, ताटली धुतलीस का?"

ते जरा हसले आणि थांबले.

"आणि तो अर्धा तास मी गप्प का होतो, सांगू? सगळे सर-सर करत होते. बरं वाटत होतं मला. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही."

"सांगायला कशाला हवं? मला दिसत होतं की," वरून काकूंचा आवाज आला. त्या कठड्याला धरून दोन पायऱ्या उतरल्या. "इथे बसलात होय? वर मला लोक काय काय विचारतायत. ती नमिता म्हणते, तुमच्यावर कुणाचा प्रभाव? मी म्हटलं, यांचाच. दुसरे रंग मला कोण देणार?" मग त्या माझ्याकडे वळल्या. "तू मला एक सांग. आता तरी तू यांची चित्रं बघितलीस का?"

मी नकारार्थी मान हलवली.

"कौतुक मी रोज करते गं यांचं. कौतुकासाठी हे एवढे जिने चढून आले नव्हते. बघ नीट, आणि काय दिसलं ते यांना सांग. माझ्या पट्ट्या कुठे पळून जात नाहीत."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी क्लासला सुट्टी दिली. सकाळी नऊला सर आले. पत्रा अजून तापला नव्हता. प्रज्योतने आपलं निवेदन भिंतीवरून आपल्याच हाताने काढलं होतं आणि तिथे नुसतं 'सुहासिनी' असं लिहिलं होतं. काकूंनीच तसं सांगितलं होतं. सौभाग्यवती वगैरे काही घालू नकोस, जागा जाते, असं म्हणाल्या होत्या.

मी दोन्ही पोर्टफोलिओ आणले. सर स्टुलावर बसले, मी फरशीवर. पहिलं चित्र भिंतीला टेकवून ठेवलं आणि बघितलं. नुसतं बघितलं. तोंडात 'छान' येत होतं, ते गिळलं.

"सर, हे आकाश तुम्ही बघून काढलेलं नाही."

"कशावरून?"

मी आणखी पाच चित्रं ओळीने लावली. "सगळीकडे हेच आहे. वर निळा, खाली गुलाबी. गोराईला हेच, दांड्याला हेच, येऊरलाही हेच."

"कागद ओला असताना ते छान उतरतं," सर म्हणाले. माझ्या क्लासमधली बारा-तेरा वर्षांची मुलं असंच सांगतात.

"छान उतरतं म्हणूनच काढलंय, सर. तिथे होतं म्हणून नाही."

ज्या माणसाने माझ्यासाठी बाबांसमोर दीड तास खर्च केला, त्याला मी हे सांगत होते. मला ते वाक्य परत घ्यावंसं वाटलं, आणि सरांना ते दिसलं.

"थांबू नकोस," ते म्हणाले.

मी थांबले नाही. होड्या त्यांना पाठ होत्या, मी तसं सांगितलं. एका चित्रात नारळ होते, मी विचारलं, हे तिथे होते का? नव्हते, ते म्हणाले, तोल जात होता म्हणून घातले. एका देवळाच्या पायऱ्यांवर त्यांनी वाद घातला आणि त्यात ते बरोबर होते. दहा वाजले, अकरा वाजले. मी शिकवणीत कुणाला इतका वेळ दिलेला नाही. सर मधूनमधून हातातल्या कागदावर काहीतरी टिपून घेत होते.

चाळिसाच्या पुढे कुठेतरी एक लहान चित्र आलं. खारदांड्याचं होतं. बांबूंवर दोऱ्या बांधून बोंबील वाळत घातलेले. आकाश नव्हतंच. उजवीकडचा अर्धा कागद कोरा, त्यावर पेन्सिलीच्या रेघा तशाच. बांबू वाकडे. बोंबलांचा ओलेपणा नुसता कागद सोडून दाखवलेला. मी बघत राहिले. सर स्टुलावर चुळबुळ करायला लागले.

"ते चुकून आलंय. अर्धवट आहे. मी काढत होतो, तेवढ्यात बायका बोंबील काढायला आल्या. त्यांतली एक म्हणाली, सरका मास्तर. मग उठलो."

प्रज्योत चहा घेऊन आला होता. त्याने कप खाली ठेवले आणि उकिडवा बसला.

"हे आमच्या घरामागचं आहे," तो म्हणाला. मग चित्राला नाक लावून, "खालची ओळ त्याच सकाळी घातलेली. वरचे कालचे. सर, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायचं काय? दिसत होतं."

"बुधवारी आपण हे बघितलं का गं?" प्रज्योतने मला विचारलं. आम्ही ते दोन सेकंदांत उलटून टाकलं होतं.

"सर," मी म्हटलं, "यातली एकही गोष्ट तुम्हाला पाठ नव्हती. हे तुम्ही बघून काढलंय. हे खरं चित्र आहे."

पुढची उरलेलीही आम्ही बघितली, एकही न सोडता. त्यांत तसं दुसरं नव्हतं. मी ते सांगितलं. सरांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि ते चित्र स्वतः उचलून उजेडात धरलं.

"बासष्टात एक," ते म्हणाले.

मी काहीतरी धीराचं बोलायला तोंड उघडलं, पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं.

"म्हणजे येतं मला," ते म्हणाले.

मग त्यांनी चित्र माझ्या हातात दिलं. "पुढच्या रविवारी सकाळी दांड्याला जातो. तू ये. माझ्या मागे उभी राहा. पाठ केलेलं काढायला लागलो की सांग."

"येते," मी म्हटलं. "काकूंनाही घेऊ या ना?"

"घेऊ की. पण तिला माझ्या शेजारी बसवू नकोस," सर म्हणाले. "तिचं बघून काढेन मी."